मेडोग्रिडचा कोरम

पतसंस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस वाचायची तर तळापासून वाचावी. वरचे विषय, म्हणजे अहवाल, ताळेबंद, ऐनवेळी येणारे प्रश्न, हे नैवेद्यापुरते असतात. खरा मजकूर शेवटी, बारीक टायपात असतो: 'गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.'

मलकापूरच्या ज्या पतसंस्थेत अविनाश खर्चे संगणक विभागाचा प्रमुख होता (विभागात तो एकटाच होता, त्यामुळे प्रमुखपदासाठी चुरस झाली नव्हती), तिथं ही नोटीस दरवर्षी तोच टाइप करायचा. सभासद हजाराच्या वर. सभेला येणारे एका सतरंजीवर मावायचे. अध्यक्ष महादेवराव मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचे आणि म्हणायचे, "कोरम नाही. सभा तहकूब." मग सगळे गच्चीवर जाऊन कचोरी खायचे. अर्ध्या तासानं तीच माणसं त्याच सतरंजीवर हात पुसत येऊन बसायची, आणि सगळे ठराव एकमतानं मंजूर व्हायचे. पहिल्या सभेला कमी पडलेली माणसं दुसऱ्या सभेला पुरेशी कशी झाली, हा प्रश्न कचोरीनंतर कोणाला पडत नसे.

अविनाशला एकदा पडला होता. "साहेब, येतच नाहीत तर नोटीस काढायची कशाला?"

"बोलावलं होतं असं सांगता यावं म्हनून," महादेवराव म्हणाले. "अन् खरंच आले असते तं? कचोऱ्या पुरल्या असत्या का बावा?"

हे झालं पोटापाण्याचं. अविनाशचं खरं काम दुसरंच होतं, आणि ते संध्याकाळी वडनेर भोलजीला घरी आल्यावर, थोरल्या भावाच्या घरावरच्या खोलीत चालायचं. ते नेमकं काय आहे हे गावात कोणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून गावानं आपल्यापुरती सोय लावून टाकली होती: 'तो कम्प्युटरवर काहीतरी करते.' वय चव्वेचाळीस, लग्न नाही. मुलीकडच्यांना पुण्यात नोकरी करणारा मुलगा पाहिजे होता आणि अविनाश पुण्यातली नोकरी सोडून आलेला होता. म्हणजे जे पाहिजे ते त्याच्यापाशी होतं, फक्त उलट्या बाजूनं. पाहण्याचे कार्यक्रम हळूहळू आपणहून बंद झाले. त्यासाठी ठराव घ्यावा लागला नाही.

तर ते काम म्हणजे मेडोग्रिड. हे एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. ते चालवलं की संगणकाच्या पोटात एक जग उभं राहायचं: जमीन, पाणी, आभाळ. देशोदेशीचे लोक आपापली बाहुली घेऊन तिथं यायचे, घरं बांधायचे, एकमेकांच्या अंगणात बसून गप्पा टाइप करायचे. मालक कोणी नाही. कोड सगळ्यांसाठी उघडा, ज्याला खोट दिसेल त्यानं दुरुस्त करावी. सार्वजनिक नळासारखी व्यवस्था. आणि सार्वजनिक नळाचं जे होतं ते मेडोग्रिडचंही झालं होतं. पाणी सगळ्यांनी नेलं, तोटी बदलायला दोघं उरले. एक अविनाश. दुसरा फिनलंडमधला युस्सी.

या युस्सीला अविनाशनं कधी पाहिलं नव्हतं. फोटोच्या जागी त्यानं एका बोटीचा फोटो लावलेला होता. त्यानं अविनाशला लग्नाचं, पगाराचं, पावसापाण्याचं कधी काही विचारलं नव्हतं. पण अविनाशनं लिहिलेली प्रत्येक ओळ तो वाचायचा. मेडोग्रिडचा नियमच तसा होता. दुरुस्ती कोणीही लिहावी, पण चाव्या असलेल्या माणसांपैकी, ज्यांना तिथं मेंटेनर म्हणतात, लिहिणारा सोडून दुसऱ्या एकानं ती वाचून मंजूर केली तरच ती आत जायची. युस्सी वाचायचा आणि समासात लिहायचा: 'हे नाव फसवं आहे.' 'ही अट दोनदा तपासली आहेस, एकदा पुरे.' 'इथे तू आळस केलास.'

'इथे तू आळस केलास' हे वाचलं की अविनाशला दिवसभर बरं वाटायचं. पतसंस्थेतल्या नोटिशी ज्यांच्यासाठी काढायच्या ते वाचत नव्हते. बहुतेक सही करणारेही वाचत नव्हते. जगाच्या पाठीवर त्याचं लिहिलेलं शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारा हा एक माणूस होता, आणि तो दिवाळीपासून गप्प झाला होता.

अविनाशनं वाट पाहिली. मग आठवण केली. मग पुन्हा आठवण केली. तिसऱ्यांदा आठवण करणं म्हणजे कर्जवसुली झाली असती, म्हणून केली नाही.

तेवढ्या दिवसांत त्यानं एक जुनी खोट दुरुस्त केली. मेडोग्रिडचं जग तुकड्यातुकड्यांनी बनलेलं, प्रत्येक तुकडा वेगळ्या संगणकावर. तालुके समजा. अविनाशनं आपल्या तालुक्यात एक लाल एस.टी. बांधली होती, खिडकीच्या गजांसकट. घंटी दिली की ती चालायची. ड्रायव्हर बनवायचा राहूनच गेला होता, पण चालायची. भानगड हद्दीवर होती. गाडी एका तालुक्यातून दुसऱ्यात शिरली की घंटी देणारा गाडीबरोबर जायचा आणि बसलेला प्रवासी मागंच राहायचा, हवेत, तसाच बसलेल्या अवस्थेत, मांडीवर हात ठेवून. गाडी पुढच्या तालुक्यात पोचायची तेव्हा प्रवासी अजून वाटेत असायचा. बाक बघायचा की आपल्यावर कोणी नाही, म्हणजे आपण रिकामे, आणि निघून जायचा. अविनाशनं बाकाला थांबायला शिकवलं. दोनशे ओळींच्या आतलं काम, पण त्यापायी डिसेंबर-जानेवारी कसे गेले ते कळलं नव्हतं. तसेही ते कळले असते असं नाही.

फेब्रुवारीत फाउंडेशनचं पत्र आलं. अशा अनाथ सॉफ्टवेअरांना सांभाळणारी ही परदेशातली संस्था. भाषा गोड होती. मेडोग्रिडच्या योगदानाबद्दल कृतज्ञता वगैरे होती, म्हणजे बातमी वाईट होती. गेल्या तीन महिन्यांत एकही बदल दुसऱ्या मेंटेनरनं मंजूर केलेला दिसत नाही. एकतीस मार्चपर्यंत एक तरी मंजुरी झाली तर ठीक. नाहीतर प्रकल्प संग्रहात ठेवण्यात येईल. वाचता येईल, लिहिता येणार नाही. आतली जगं मात्र आपापल्या जबाबदारीवर चालू ठेवता येतील.

अविनाशनं पत्र वाचलं आणि खाली जाऊन जेवून आला. वांग्याची भाजी होती. भाऊ उत्तमराव वांगी लावतो, त्यामुळे ती असतेच.

मग त्यानं माणूस शोधायला सुरुवात केली. मेडोग्रिडच्या फलकावर लिहिलं: मेंटेनर पाहिजे, काम मन लावून वाचण्याचं, मोबदला नाही. दोन उत्तरं आली. एकाला त्या जगात फुकट सोन्याची नाणी कुठं मिळतात ते हवं होतं. दुसऱ्याला अविनाशच्या धंद्याची जाहिरात करून द्यायची होती.

मग त्यानं पुण्याला हरिओमला फोन लावला. हरिओम कॉलेजातला, एका बाकावरचा.

"अबे अव्या! जिता हायेस का? लगन ठरलं का बे?"

"नाही. एक काम होतं. मी कोड लिहिला हाय थोडा. तो कोनी तरी वाचाले पाहिजे."

"किती?"

"दोनशे ओळी. तेही नसतीन."

"अन् भेटते किती?"

"काही नाही."



"म्हंजे तू फुकट लिहिशीन, अन् म्या फुकट वाचू. अबे, इथं पगार घेऊन कोनी वाचत नाही आता. मशीनले टाक. ते वाचते."

"टाकला होता."

"मंग? काय म्हने?"

"उत्कृष्ट म्हने."

"मंग झालं ना! काऊन जीव खाऊन राह्यला माहा?"

आता मशीनची, म्हणजे त्या कृत्रिम बुद्धीची, गोष्ट अशी की अविनाशनं त्याला आधी चांगला कोड दाखवला होता आणि मग मुद्दाम एक ओळ चुकीची घालून तोच पुन्हा दाखवला होता. मशीन दोन्ही वेळा उत्कृष्ट म्हणालं होतं. दुसऱ्या वेळी तर अभिनंदनही केलं होतं. ते पतसंस्थेचं अध्यक्ष व्हायच्या लायकीचं होतं, पण मेडोग्रिडच्या नियमाला माणूस लागत होता.

"पाहतो मी सवडीनं," हरिओम शेवटी म्हणाला. "पाठव." अविनाशनं पाठवला. त्यावर हरिओमनं वर केलेला अंगठा पाठवला. मोजून तेवढ्याच वेळात, जेवढ्यात अंगठा वर होतो.

मार्च लागला. पतसंस्थेत वसुलीची धांदल सुरू झाली, महादेवरावांनी थकबाकीदारांना नोटिशी काढायला सांगितल्या, आणि नोटिशी काढता काढता अविनाशला ते तळाचं वाक्य आठवलं. इतकी वर्षं ते आपल्याच हाताखालून गेलं आणि आपल्याला सुचलं नाही, याचं त्याला नवल वाटलं.

त्यानं मेडोग्रिडच्या फलकावर रीतसर नोटीस लावली. इंग्रजीत, पण चाल तीच. सर्व मेंटेनरांची सभा येत्या रविवारी दुपारी चार वाजता मेडोग्रिडच्या मुख्य चौकात भरेल. विषय: एस.टी.च्या बाकाबाबतची दुरुस्ती मंजूर करणे. गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती त्याच ठिकाणी अर्ध्या तासाने घेण्यात येईल व त्या सभेस गणपूर्तीची आवश्यकता राहणार नाही.

रविवारी चारला तो चौकात जाऊन बसला. म्हणजे बाहुली बसली. तो स्वतः गच्चीवरच्या खोलीत पंख्याखाली बसला होता. चौक मोठा होता. चांगल्या दिवसांत कोणा डच माणसानं बांधलेला, कारंज्यासकट. कारंजं चालू होतं. भोवती बाकं होती, सगळी रिकामी, आणि मधे अविनाशची बाहुली मांडीवर हात ठेवून बसली होती.

गच्चीवर वहिनीच्या कुरड्या वाळत होत्या. पुष्पांजलीवहिनी त्या उलटवायला वर आली आणि पाणी प्यायला खोलीच्या दारात टेकली.

"भाऊजी, हे कोन बसलं एकटंच?"

"मीच हाय वयनी."

तिनं पुढं होऊन नीट पाहिलं. "हाव का? केस तं बरे दिसून राह्यले."

"मीटिंग हाय."

"अन् बाकीचे कुठी?"

"कोरम नाही झाला. अर्धा तास तहकूब."

वहिनीला हे समजलं. तिचा नवरा पतसंस्थेचा सभासद होता आणि सभा कशी भरते हे तिनं लग्न झाल्यापासून ऐकलं होतं. "मंग कचोऱ्या?"

"इथं नसतात."

"मंग लोकं येतीन कशाले?" ती म्हणाली आणि कुरड्यांकडे गेली. जाता जाता वळून म्हणाली, "भाऊजी, मोताळ्याचं एक स्थळ हाय. पोरगी शिकेल हाय. तिले बी घरात बसूनच राहा वाटते म्हने. दोघायचं जमन."

"मीटिंग झाली की पाहू."

"तुमच्या मीटिंगीत कोनी येत नाही, अन् तुम्ही कुठी जात नाही," वहिनी म्हणाली. तिचा सूर तक्रारीचा नव्हता. वांगी किडली हे ती याच सुरात सांगायची.

अर्धा तास झाला. अविनाशनं सभा पुन्हा भरवली. सूचक अविनाश खर्चे. अनुमोदक नव्हता, पण या सभेला त्याची आवश्यकता नव्हती. ठराव एकमतानं मंजूर. त्यानं आपल्या दुरुस्तीपुढचं मंजुरीचं बटन दाबलं.

बटन दबलं नाही. खाली लाल अक्षरांत आलं: स्वतःचा बदल स्वतः मंजूर करता येत नाही. मेडोग्रिडच्या घटनेत कचोरीची तरतूद नव्हती.

आता राहिले रंगराव.

रंगराव खर्चे म्हणजे अविनाशचे वडील. मलकापूर डेपोत कंडक्टर होते. रिटायर झाले, आजारपण काढलं आणि वारले. हे त्यांचं संपलं. त्यानंतर मेडोग्रिडमधलं सुरू झालं. एस.टी.ची चाचणी घ्यायला दोन बाहुल्या लागतात, एक बसायला आणि एक घंटी द्यायला. म्हणून अविनाशनं दुसरं खातं काढलं आणि नाव काय द्यावं हे सुचेना म्हणून वडिलांचं दिलं. बाहुलीला खाकी कपडे शिवले, खांद्याला चामड्याची पिशवी अडकवली. कुठल्याही दुरुस्तीची चाचणी झाली की या खात्यावरून तो एक ओळ टाकायचा: 'टेस्ट ओके.' वर्षानुवर्षं रंगरावांनी मेडोग्रिडमध्ये एवढंच लिहिलं होतं. फिनलंडच्या युस्सीच्या मनात या माणसाबद्दल मोठा आदर तयार झाला.

त्यानं अविनाशचं पूर्ण नाव कुठंतरी पाहिलं असावं, अविनाश रंगराव खर्चे. आपल्याकडे नावाच्या मधोमध बाप बसतो हे त्याला कोण सांगणार? हे दोघं भागीदार असावेत असा त्यानं समज करून घेतला आणि एक दिवस फाउंडेशनला लिहिलं: 'रंगरावलाही चाव्या द्याव्यात. तो बोलत नाही, पण तपासतो.' चाव्या मिळाल्या. अविनाश खुलासा करणारच होता, पण त्याच आठवड्यात पतसंस्थेत ऑडिट निघालं, आणि नंतर खुलासा करायला उशीर झाल्याचाही खुलासा करावा लागला असता. शिवाय वारलेल्या सभासदाचं नाव पतसंस्थेच्या यादीतून कमी व्हायला वर्षं लागतात. काही वारलेले तर सभेला हजरही असतात, सहीनिशी. तेव्हा त्याला यात फार वावगं वाटलं नव्हतं.

अविनाशनं शेजारी दुसरी खिडकी उघडली आणि रंगराव म्हणून आत गेला. मंजुरीचं बटन हिरवं झालं. आता फक्त दाबायचं होतं. मेडोग्रिड वाचलं असतं.

बोट बटनावर ठेवून तो थोडा वेळ बसून राहिला. अडचण नीतीची नव्हती. तिची सवय पतसंस्थेनं मोडली होती. अडचण बापाची होती. रंगरावांनी उभ्या नोकरीत डोकी न मोजता घंटी दिली नव्हती. त्यांच्या नावानं न वाचता मंजुरी देणं बरं दिसलं नसतं. तेव्हा निदान एकदा वाचून काढू, असं ठरवून अविनाश रंगरावांच्या खिडकीत बसून अविनाशचा कोड वाचायला लागला.

पहिल्यांदा नुसता वाचला. सगळं बरोबर होतं. आपलं आपण वाचलं की असतंच. मग त्यानं तो बापाच्या नजरेनं वाचायचा प्रयत्न केला. शाळेत असताना सुट्टीत तो एकदोनदा वडिलांबरोबर रोहिणखेडच्या मुक्कामी गाडीनं गेला होता. सकाळी परतताना गाडी स्टँडवर उभी असायची. कोर्टाच्या तारखेवाले, दवाखान्यावाले येऊन बसायचे, आणि कोणीतरी सांगायचं, 'थांबा हो, गोविंदा येऊन राह्यला.' रंगराव दारात उभे राहायचे. गोविंदा दिसला तर थांबायचे. नाही दिसला तर दोनदा हाक मारायचे, मोठ्यानं, गावात ऐकू जाईल अशी. दोनदाच. मग तिकिटाचा चिमटा दांडीवर वाजवून घंटी द्यायचे. आत बसलेल्यांनाही तारखा असतात, म्हणायचे.

अविनाशनं पुन्हा त्या ओळी पाहिल्या. बाक प्रवाशासाठी थांबत होता. किती वेळ? ते लिहिलेलंच नव्हतं. प्रवाशाची लाइन तुटली, वीज गेली, तो कंटाळून उठून गेला, तरी बाक थांबणार. बाक थांबला म्हणजे गाडी थांबणार. हद्दीवर गाडी उभी, मागं दुसऱ्या गाड्या उभ्या, आणि हे कुठवर, तर कोणी येईपर्यंत. थांबायचं शिकवलं होतं. निघायचं शिकवायचं राहिलं होतं.

आणि ज्याच्यासाठी थांबायचं तो हवेतच बसलेला राहणार होता.

अविनाशनं मंजुरीच्या बटनावरचं बोट काढलं. त्याच्या शेजारचं बटन दाबलं, 'बदल आवश्यक', आणि रंगरावांच्या नावानं लिहिलं: 'हा थांबतो कुठवर? दोनदा हाक मारावी, नंतर निघावं. मागे राहिला त्याला हवेत ठेवू नये. जमिनीवर उभं करावं.' क्षणभर विचार करून खाली आणखी एक ओळ टाकली: 'इथे आळस झाला आहे.'

मग तो अविनाशच्या खिडकीत आला आणि ते वाचलं. आधी त्याला राग आला. मग बरं वाटलं. हे बरं वाटणं आपण आपल्यालाच पाठवलेल्या मनीऑर्डरसारखं आहे हे त्याला कळत होतं, पण पैसे खोटे नव्हते.

पुढचा आठवडा दुरुस्तीची दुरुस्ती करण्यात गेला. आता बाक शेजारच्या तालुक्याला दोनदा विचारायचा: येतोय का? उत्तर नाही आलं तर निघायचा, आणि मागं राहिलेला प्रवासी उठून आपल्या हद्दीत, आपल्या पायांवर उभा राहायचा. नवा बदल चढवून चार दिवस झाले होते, वसुलीच्या धांदलीत मंजुरी तेवढी राहिली होती. एकतीस तारखेला दोन दिवस होते. रंगराव आता संध्याकाळी मंजुरी देणार होते. मनापासून देणार होते, वाचून.

त्या संध्याकाळी अविनाश पतसंस्थेतून आला, संगणक लावला, आणि रंगरावांच्या ओळींखाली त्याला बोटीचा फोटो दिसला.

युस्सीनं लिहिलं होतं: 'रंगरावचं बरोबर आहे. मी असतो तर हेच विचारलं असतं. नवा बदल वाचला. एका जागी स्पेलिंग चुकलंय, ते सुधार. मंजूर.'

अविनाशनं ते तीन-चारदा वाचलं. मेडोग्रिड वाचलं होतं. खऱ्या माणसानं वाचून वाचवलं होतं. त्याला खाली जाऊन कोणाला तरी सांगावंसं वाटलं, पण सांगायचं म्हणजे सुरुवात कुठून करावी लागली असती ते आठवून तो बसला. तेवढ्यात त्याला दिसलं की युस्सीचं वेगळं एक पत्रही आलं आहे.

'माझे डोळे गेले आहेत,' युस्सीनं लिहिलं होतं. 'पूर्ण नाही, पण वाचण्यापुरते गेलेच. दिवाळी नावाचा तुमचा सण असतो तेव्हापासून. पडद्यावर एका वेळी चार ओळी मावतील एवढी अक्षरं मोठी करून तुझा बदल वाचला. तीन दिवस लागले. यापुढे जमणार नाही. चाव्या परत करायचं पत्र मी नोव्हेंबरातच लिहून ठेवलं होतं, पण पाठवलं नाही. रंगराव बरेच दिवस दिसला नव्हता, तू एकटा राहशील असं वाटत होतं, आणि कोड एकट्यानं सांभाळायची गोष्ट नाही. तुझ्या आठवणींना उत्तरही त्यामुळेच दिलं नाही. काय लिहावं कळेना. मध्यंतरी मुलीनं मला रंगरावचा शेरा वाचून दाखवला. तो परत आलाय, आणि पहिल्यापेक्षा कडक झालाय. मला फार बरं वाटलं. आता पत्र पाठवतो आहे. फाउंडेशनला कळवलंय की मेडोग्रिडला दोन चांगले मेंटेनर आहेत. रंगरावला माझा नमस्कार सांग. इतक्या वर्षांत त्यानं स्वतःबद्दल एक शब्द सांगितला नाही. मला ते आवडायचं.'

खाली फाटकात उत्तमरावांची मोटारसायकल आली, बंद झाली. वांग्यांच्या रिकाम्या क्रेट उतरल्याचा आवाज आला.

अविनाशनं उत्तर लिहायला घेतलं. 'प्रिय युस्सी, रंगराव हे माझे वडील. ते हयात नाहीत. तो शेरा मीच लिहिला.' एवढं लिहून थांबला. हे पाठवलं की काय होईल ते त्याला चौकातल्या कारंज्याइतकं स्पष्ट दिसत होतं. तो तिकडे चाव्या परत मागून घेईल आणि चार चार ओळी वाचत बसेल. अविनाश एकटा पडू नये म्हणून. म्हणजे अविनाशला वाचणारा माणूस परत मिळेल. फक्त आता हे लिहिलेलं पाठवायचं होतं.

त्याला ते पाठवायचं होतं. पाठवण्याची फार इच्छा होती.

त्यानं ते खोडलं. त्या जागी लिहिलं: 'प्रिय युस्सी, स्पेलिंग सुधारलं. डोळ्यांना जपा. इथली काळजी करू नका, आम्ही दोघं आहोत. रंगराव नमस्कार सांगतो आहे.' एकदा वाचून पाहिलं. कुठं आळस दिसला नाही. पाठवून दिलं.

मग चाचणी राहिली होती, ती घेतली. डाव्या खिडकीत अविनाश, उजव्या खिडकीत रंगराव. अविनाश एस.टी.त खिडकीशी जाऊन बसला. रंगरावांनी घंटी दिली. गाडी निघाली, माळावरून हद्दीपर्यंत गेली आणि थांबली. बाक थांबला. एका क्षणात अविनाश पलीकडे पोचला, बाकावर बसला, गाडी पुढं गेली. जमलं. आता दुसरी चाचणी. गाडी परत आणली, पुन्हा घंटी दिली, आणि नेमकं हद्दीवर अविनाशनं डाव्या खिडकीची लाइन तोडली.

उजव्या खिडकीत गाडी उभी राहिली. रंगराव दारात होते, खाकी कपड्यांत. बाकानं एकदा विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मग गाडी निघाली आणि रंगरावांना घेऊन पुढच्या तालुक्यातल्या हिरव्या टेकडीमागं दिसेनाशी झाली. अविनाशनं लाइन जोडली. डाव्या खिडकीत त्याची बाहुली हद्दीच्या अलीकडे, जमिनीवर, सरळ उभी होती. केस बरे दिसत होते.

"टेस्ट ओके," तो मोठ्यानं म्हणाला आणि रंगरावांच्या नावानं तेच टाइप केलं.

जिन्याखालून वहिनीचा आवाज आला. "भाऊजी, कोनाशी बोलून राह्यले?"

"मीटिंग हाय वयनी."

"आज बी? आलं का कोनी?"

"हाव."

"किती जन हायेत?"

"दोघं."

पायरीवर तिच्या बांगड्या वाजल्या. "मंग झाला का कोरम?"

"झाला."

"मंग या खाली. पोया थंड्या होऊन राह्यल्या."